क्युरेटरचा सत्कार करायचाय? शाल आणण्याआधी रजिस्टर उघडा

पुण्यात सत्कार कसा करायचा हे कुणाला शिकवावं लागत नाही. हॉल बुक करा, शाल, श्रीफळ, पगडी, मानपत्र, दोन पाहुणे, एक अध्यक्ष, शेवटी आभार आणि बटाटेवडा-कॉफी. शिक्षकांचा, डॉक्टरांचा, गायकाचा सत्कार असा केला तरी छान होतो, कारण त्यांचं काम समोर बसलेल्या लोकांनी स्वतः अनुभवलेलं असतं. पण ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षं आदिवासी कलेच्या संग्रहालयात क्युरेटर म्हणून, म्हणजे वस्तू जमवण्यात, नोंदवण्यात आणि सांभाळण्यात काढली त्याचं काम हॉलमधल्या कुणी पाहिलेलंच नसतं, आणि ज्यांनी पाहिलंय ती माणसं जव्हार, मोखाडा, डहाणू, धडगाव, भामरागडच्या पाड्यांवर असतात.

आम्ही सात-आठ जणांनी मिळून अशाच एका क्युरेटरचा, आमच्या मॅडमचा, गौरव केला. मी त्यांच्या हाताखाली आधी स्वयंसेवक म्हणून आणि मग कंत्राटावर काम केलंय. काही गोष्टी नीट जमल्या, काही चुकल्या, नंतर दोन-तीन ठिकाणांहून फोन आले की आमच्याकडेही सर रिटायर होतायत, तुम्ही कसं केलंत ते सांगा, म्हणून एकदा सगळं लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे बाकीचं का करायचं ते कळेल.

संग्रहालयातल्या वस्तूंच्या रजिस्टरमध्ये एक नोंद आहे, "मुखवटा, कागदाचा लगदा, रंगीत, जि. ठाणे". बस, एवढंच. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्यामुळे आता त्यातला जिल्हासुद्धा बरोबर राहिलेला नाही. हा मुखवटा टेबलवर ठेवून मॅडमना सहज विचारलं, हा कुठला हो? तर त्या पंचवीस मिनिटं बोलत होत्या. तो बोहाड्यातला, म्हणजे जव्हार-मोखाड्याकडे देवादिकांची सोंगं नाचवतात त्या उत्सवातला, आणि तिकडे त्याला मुखवटा नाही म्हणत, सोंग म्हणतात. कुठलं सोंग कुणी नाचवायचं तो मान ठरलेला असतो, आणि हे नुसतं बनवलेलं नाही तर नाचलेलं सोंग आहे. मॅडमनी ते उलटं करून दाखवलं, आतून हनुवटीपाशी घामाचा काळपट डाग आहे आणि दोरी एकदा बदललेली आहे, जुन्या दोरीची भोकं शेजारीच दिसतात. त्या घरात नवीन सोंग केलं म्हणून जुनं द्यायला तयार झाले, पण देताना म्हाताऱ्या बाबांनी नारळ फोडला आणि सांगितलं की याला पालथं घालू नका, तोंड वर राहू द्या. मॅडमनी तो इतकी वर्षं तोंड वर करूनच ठेवला. का, ते कुठेही लिहिलेलं नव्हतं कारण कुणी विचारलंच नव्हतं. त्या रिटायर झाल्यावर नवीन माणसाने जागा वाचवायला तो पालथा घातला असता आणि त्यात त्याचा काही दोषही नसता.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, क्युरेटरचा खरा गौरव म्हणजे त्यांच्या डोक्यातलं हे सगळं उतरवून घेणं आणि ज्यांच्या वस्तू त्यांनी सांभाळल्या त्या माणसांची नावं वस्तूंना परत जोडणं. समारंभ त्याच्या शेवटी येतो.

सुरुवात कधी करायची

रिटायरमेंटच्या किमान सहा महिने आधी. हे मी अगदी जोर देऊन सांगते, कारण नोकरीत असेपर्यंत त्यांच्याकडे स्टोअरच्या किल्ल्या असतात, कपाट उघडून वस्तू टेबलवर ठेवता येते. शेवटच्या दिवसानंतर त्याच माणसाला गेटवर पास काढावा लागतो. आम्ही चार महिने आधी सुरू केलं तरी कमी पडलं. संग्रहालयाच्या प्रमुखांना साधं पत्र द्या, त्यात कुठल्या दिवशी, किती वाजता, कोण कोण बसणार, कुठल्या वस्तू काढणार त्यांचे अ‍ॅक्सेशन नंबर (रजिस्टरमधले नोंदणी क्रमांक), वस्तू स्टोअरच्या बाहेर जाणार नाही, आणि रेकॉर्डिंगची एक प्रत संग्रहालयाला मिळेल एवढं लिहा. शेवटचं वाक्य लिहिलं की परवानगी लवकर मिळते, असा अनुभव आहे.

आणि अर्थातच आधी सत्कारमूर्तींना विचारा. सरप्राइज वगैरे अजिबात नको. आमच्या मॅडम पहिल्यांदा नाहीच म्हणाल्या, म्हणाल्या मी नोकरी केली, सत्कार कसला. पण रेकॉर्डिंगचं सांगितल्यावर गप्प बसल्या आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बारा वस्तूंची यादी घेऊन आल्या.

रेकॉर्डिंग

प्रश्नावली बनवून बसू नका. "आपल्या कारकिर्दीविषयी सांगा" म्हटलं की माणूस बायोडेटा सांगायला लागतो. वस्तू समोर ठेवायची आणि विचारायचं, ही कशी आली? एका बैठकीत तीन-चार वस्तू पुरतात, दीड-दोन तासांच्या वर जाऊ नका, बोलणारा दमतो. आमच्या नऊ दुपारी झाल्या.

फोन एरोप्लेन मोडवर टाकून रेकॉर्ड करा आणि सोबत दुसऱ्या फोनवर पण, कारण आमची एक अख्खी दुपार स्टोरेज फुल झाल्यामुळे गेली आणि तीच गोष्ट परत सांगताना तशी येत नाही. सुरुवातीला तारीख, जागा, कोण बसलंय आणि वस्तूचा नंबर तोंडाने म्हणा. पंखा बंद करा, रस्त्याकडची खिडकी लावा. वस्तूचा फोटो नंबरासकट काढा, आतून, मागून, तुटलेल्या जागेचाही.

हात लावताना नायट्राइलचे हातमोजे घाला आणि तोंडाला मास्क. हे वस्तूसाठी जेवढं तेवढंच आपल्यासाठी, कारण पूर्वी संग्रहालयांत कीड लागू नये म्हणून वस्तूंवर डीडीटीसारखी कीटकनाशकं मारायची पद्धत होती आणि ती पावडर अजून पिसांत, केसांत, लाकडाच्या खाचांत असू शकते.

उतरवून काढताना बोलीतले शब्द बदलू नका. मॅडम सोंग म्हणाल्या तर सोंगच लिहा. आमच्यातल्या एकाने पहिल्या बैठकीत सगळं "शुद्ध" करून टाकलं होतं, सवाशिणीच्या जागी "विवाहित स्त्रिया" आणि धवलेरीच्या जागी "पुरोहित". धवलेरी म्हणजे वारल्यांच्या लग्नात गाणी म्हणत लग्न लावणारी बाई, तिला पुरोहित म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यासमोर सोवळं नेसलेला पुरुष उभा राहतो. सगळं परत केलं.

आता महत्त्वाचं. एक प्रश्न नक्की विचारा, पण शेवटून दुसऱ्या बैठकीत, माणूस मोकळा झाल्यावर. कुठली वस्तू आणायला नको होती असं वाटतं? आमच्या मॅडम बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग उठून स्टोअरच्या मागच्या भिंतीपाशी गेल्या. तिथे एक लाकडी खांब आहे, मेलेल्या माणसाच्या नावाने कोरून गावाबाहेर उभा करतात तसा, वर सूर्य-चंद्र आणि खाली घोड्यावरचा माणूस. दुष्काळाचं वर्ष होतं, घरच्यांनी पैशासाठी दिला, कागदपत्रं सगळी व्यवस्थित आहेत, सही-अंगठा आहे. मॅडम म्हणाल्या, पावती खरी आहे पण त्या वर्षी त्यांनी काहीही दिलं असतं. हे त्यांनी नोकरीत असताना कुणालाच सांगितलं नव्हतं.

अशी गोष्ट मिळाली तर ती गाळू नका, गौरवात बसत नाही म्हणून बाजूला ठेवू नका. जगभरातल्या संग्रहालयांत हाच प्रश्न आहे, अमेरिकेत तर १९९० साली कायदा झाला की मूळनिवासी लोकांचे अवशेष आणि पवित्र वस्तू त्यांच्या समाजाला परत देण्याची प्रक्रिया ठरावी. आपल्याकडे निदान क्युरेटरचं म्हणणं त्या वस्तूच्या फाइलला लागलं पाहिजे. आम्ही मॅडमच्या सहीने एक पानाची टिप्पणी लावली, त्यात कुटुंबाचं नाव आणि पाडा आहे. पुढे काय करायचं ते संग्रहालय आणि ते कुटुंब ठरवेल, पण निदान सुरुवात कुठून करायची ते आता कागदावर आहे.

कागदपत्रं कुठे शोधायची

कात्रणं आणि कॅटलॉग सगळेच शोधतात. तुम्ही टीए बिलं शोधा. खरंच. दौऱ्याच्या प्रवासखर्चाच्या बिलात तारीख, एसटी कुठून कुठे, मुक्काम कुठे, चाल किती किलोमीटर, सगळं असतं, आणि ते त्या वेळी लिहिलेलं असल्याने आठवणीपेक्षा पक्कं. मॅडमना वाटत होतं की एक तारपा (दुधीभोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य) त्यांनी पावसाळ्यानंतर आणला, बिलावर मार्च निघाला, मग त्यांना आठवलं की हो, होळीला गेले होते. रिटायर होताना ऑफिस साफ करतात तेव्हा ही बिलं रद्दीत पहिली जातात, त्यामुळे लवकर हात घाला. जुने फोटो ६०० डीपीआयवर स्कॅन करा आणि मागच्या बाजूचंही स्कॅन करा, पेन्सिलने नाव तिथेच लिहिलेलं असतं.

फोटोंचं अजून एक. फोटोतली माणसं वारलेली असू शकतात. ऑस्ट्रेलियात आदिवासी समाजांच्या भावनेमुळे संग्रहालयं आणि टीव्हीवाले आधी सूचना देतात की यात मृत व्यक्तींची नावं आणि चित्रं आहेत. आपल्याकडे तसा रिवाज नसेल, पण घरच्यांना विचारल्याशिवाय मोठा करून हॉलच्या दारात लावणं बरोबर नाही. आम्ही प्रत्येक फोटोसाठी फोन केले. दोन घरांनी नको सांगितलं, ते दोन लावले नाहीत आणि नको का तेही विचारलं नाही.

नावं, नावं, नावं

इथे मी थोडी जास्त बोलणार आहे.

आदिवासी कलेच्या इतिहासात आपण शोधणाऱ्याचं नाव लिहितो आणि करणाऱ्याचं विसरतो, किंवा कधीकधी दोघांचंही. भास्कर कुलकर्णी किती मराठी लोकांना माहीत आहेत? हस्तकला मंडळाचं काम करणारा हा आपला चित्रकार, बिहारच्या दुष्काळात, १९६६-६७ च्या आसपास, मधुबनीच्या भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांना चित्रांसाठी कागद द्यायला गेला, आणि नंतर सत्तरच्या दशकात डहाणूकडे वारल्यांमध्ये जाऊन राहिला. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे कागदावर चित्रं काढू लागले त्यात कुलकर्णींचा मोठा हात. जिव्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, १९८९ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, २०१८ मध्ये ते गेले. पण ज्या बायका शेकडो वर्षं भिंतीवर लग्नाचा चौक, म्हणजे लग्नातलं चौकोनी चित्र, काढत आल्या त्यांची नावं कुठल्या रजिस्टरात आहेत? भोपाळमध्ये १९८२ साली भारत भवन हे कलाकेंद्र सुरू झालं तेव्हा चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांची चित्रं त्यांच्या नावाने लावली, शहरातल्या चित्रकारांच्या बरोबरीने. गोंड चित्रकलेचं पुढे जे काही झालं त्यात ही एक गोष्ट, नाव लिहिणं, फार मोठी होती असं मला वाटतं. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात ज्योतींद्र जैन यांनी १९९८ साली पाच लोक आणि आदिवासी कलाकारांचं प्रदर्शन केलं तेही असंच, एकेका कलाकाराला एकेक माणूस म्हणून समोर ठेवणारं.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेराचं आहे. जॉन मंडाइन हे स्वतः बुंजलंग या तिथल्या आदिवासी समाजाचे क्युरेटर, उत्तरेकडच्या रामिंगिनिंग गावात कला सल्लागार होते. १९८८ मध्ये गोऱ्यांच्या वसाहतीला २०० वर्षं झाली म्हणून देशभर सोहळा होता, तेव्हा त्यांच्या कल्पनेतून तिथल्या ४३ कलाकारांनी २०० पोकळ लाकडी खांब रंगवले, त्यांच्याकडे मृतांच्या अस्थी ठेवायला असतात तसे, वर्षाला एक. राष्ट्रीय कलादालनात ते असे उभे केलेत की मधल्या वाटेने चालताना आपण ग्लाइड नदीच्या काठाने चालतो आणि ज्या कलाकाराची जमीन जिथे त्याचे खांब तिथे. क्युरेटरचं काम कसं दिसतं हे मला त्यातून कळलं, स्वतःचं नाव मोठं न करता ४३ जणांना आपापल्या जागी उभं करणं.

तर तुम्ही काय करायचं? क्युरेटरने जमवलेल्या किंवा नोंदवलेल्या वस्तूंची यादी घ्या आणि प्रत्येकीपुढे चार रकाने भरा, करणाऱ्याचं नाव, पाडा आणि तालुका, वस्तूचं त्यांच्या बोलीतलं नाव, आणि ती वापरलेली होती की विकायला केलेली. सगळं भरणार नाही. जिथे नाव मिळत नाही तिथे "अज्ञात कलाकार" लिहू नका, "नाव नोंदवलेलं नाही" लिहा, कारण त्या माणसाला नाव होतंच, नोंदवायचं आपण राहिलो. आमच्या ६४ वस्तूंपैकी ३७ ना नाव मिळालं, त्यातली ११ फक्त फोनवर पाड्यावरच्या लोकांना फोटो पाठवून. व्हॉट्सअ‍ॅपवर एका टोपलीचा फोटो गेला आणि अर्ध्या तासात उत्तर आलं की ही आमच्या आत्याच्या हातची, काठ बघा, असा काठ तीच घालायची.

हीच यादी छापा. चारशे पानांचा गौरवग्रंथ, ज्यात तीस मान्यवर "माझा आणि मॅडमचा परिचय" लिहितात, तो मला खरंच नको वाटतो, पैसेही तिथेच संपतात. आमचं पुस्तक ९६ पानांचं झालं, प्रत्येक वस्तूचा फोटो, चार रकाने आणि मॅडमनी सांगितलेलं त्यांच्याच शब्दांत. प्रूफ गावाकडच्या माणसाकडून तपासून घ्या, डीटीपीवाले गावांची आणि पाड्यांची नावं हमखास बदलतात.

तारीख

बरेच जण ९ ऑगस्ट धरतात, जागतिक आदिवासी दिन म्हणून. माझं ऐका, ती धरू नका. त्या दिवशी त्यांचे स्वतःचे मेळावे आणि मिरवणुका असतात, कलाकारांना चार ठिकाणची बोलावणी असतात. जुलैमध्ये भाताची लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापणी आणि झोडणी, तेव्हा शेत सोडून या म्हणणं म्हणजे त्यांच्या वर्षाच्या पोटावर पाय. १८ मे हा संग्रहालय दिन चांगला वाटतो पण एक तर ऊन आणि त्यात लग्नसराई. आम्ही फेब्रुवारीतला रविवार घेतला, तो सगळ्यांना जमला.

डहाणूच्या आतल्या पाड्यावरून पुण्याला यायचं म्हणजे जीप, लोकल, मग पुण्याची गाडी, पूर्ण दिवस जातो. त्यामुळे आदल्या रात्रीचा आणि त्या रात्रीचा मुक्काम धरा, एकट्याला न बोलावता सोबत घरचं एक माणूस बोलवा, आणि स्टेशनवर कुणीतरी जा. जाण्यायेण्याचे पैसे रोख, त्याच दिवशी, पाकिटात. मानधन बँकेत टाकायचं तर पासबुकाचा फोटो आधी मागवा आणि किती मिळणार ते बोलावतानाच सांगा. "तुमच्याच मॅडमचा कार्यक्रम आहे" म्हणून फुकट बोलावू नका, हॉलवाला फुकट देत नाही, कॅटररही देत नाही.

हॉल छोटा घ्या. दीडशे माणसांत काम होतं. जवळ एखादी भिंत किंवा लॉबी असेल असा बघा म्हणजे दहा-बारा फोटोंचं प्रदर्शन लावता येईल. मूळ वस्तू आणायचा हट्ट करू नका, परवानगी, विमा, सुरक्षा यात महिने जातात आणि कागद, कापड, नैसर्गिक रंग यांना ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) वर उजेड चालत नाही, हॉलमध्ये तो सांभाळणं अशक्य. चांगले मोठे प्रिंट पुरतात. फोटोचा मध्य जमिनीपासून दीड मीटरच्या आसपास, लेबल मोठ्या अक्षरात, त्यावर पहिलं नाव करणाऱ्याचं.

स्टेज आणि फ्लेक्स

हा भाग वाचाच. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात, मी तेव्हा नुसती मदतीला होते, स्टेजमागे भलामोठा फ्लेक्स होता आणि त्यावर वारली लग्नचौक छापला होता, मध्ये वारल्यांची लग्नाची देवी पालघट, वर पाहुण्यांचे फोटो. डहाणूहून एक आजी आल्या होत्या, त्या खुर्चीत बसल्या, बराच वेळ फ्लेक्सकडे बघत राहिल्या आणि हळूच विचारलं, लगीन कोनाचं हाय? चौक लग्नात काढतात, सवाशिणी काढतात, आणि त्याशिवाय त्यांच्याकडे लग्न लागत नाही. आपण तो वॉलपेपरसारखा वापरला होता. मला त्या दिवशी काय उत्तर द्यावं कळलं नाही आणि अजूनही तो प्रश्न आठवला की पोटात कालवतं.

तेव्हा मागे साधा एकरंगी पडदा लावा, त्यावर नाव. चित्र लावायचंच असेल तर कलाकाराला विचारून, त्याने निवडलेलं, खाली त्याचं नाव, आणि वापराचे पैसे देऊन. नेटवरून उचललेल्या तारपा नाचाच्या आकृत्या तर नकोच, वारली चित्रकलेला २०१४ पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे.

आलेल्या कलाकारांना स्टेजवर बसवा, पहिल्या रांगेत नाही, स्टेजवर, आणि सत्कारमूर्तींच्या शेजारी. पारंपरिक वेषात या असं सांगू नका, आमच्याकडे एक दादा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले होते आणि एका पाहुण्याने विचारलं "ड्रेस नाही आणला का?", ते वाक्य मी थांबवायला हवं होतं. स्वागताला नाच ठेवू नका. तारपा वाजवणारे येत असतील तर त्यांना विचारा की या दिवसांत वाजवतात का आणि इथे वाजवायची इच्छा आहे का, आणि वाजवणार असतील तर लोक स्थिरस्थावर होईपर्यंतचं पार्श्वसंगीत म्हणून नाही, मधल्या वेळी, शांततेत, नाव सांगून.

भाषणं तीन. पहिलं कलाकाराचं. हे आमचं सगळ्यात बरोबर ठरलं, कारण शेवटी ठेवलं की अध्यक्ष लांबतात आणि मग सूत्रसंचालक चिठ्ठी पाठवतो की दोन मिनिटांत आटपा. बोलीत बोलू द्या, सोबत मराठीत सांगणारा त्यांच्यातलाच असावा. उभं राहून माइकसमोर बोलायची सवय नसेल तर हातात माइक द्या, बसूनच बोलू देत. त्या आजी, होय त्याच, यावेळी आल्या होत्या, मॅडमकडे बघून एवढंच म्हणाल्या की ही बाई आली की आधी पानी मागायची, मग इचारायची. मानपत्र वाचायच्या आधीच मॅडम रडत होत्या.

मानपत्र

"आदिवासी कलेच्या उद्धारक", "अंधारातील कलेला प्रकाशात आणणाऱ्या", "आदिम संस्कृतीच्या दूत", यातलं काही लिहू नका. कला अंधारात नव्हती, त्यांच्या घरात उजेडातच होती. मानपत्रात केलेलं काम लिहा, जेवढं बारीक तेवढं चांगलं. आमच्यातली काही वाक्यं देते, तुम्हाला अंदाज यावा म्हणून:

"आपण नोकरीच्या दुसऱ्या वर्षी रजिस्टरमध्ये 'करणाऱ्याचे नाव' हा रकाना पट्टीने आखलात. छापील रजिस्टरमध्ये तो नव्हता."

"आपण ज्या घरातून वस्तू आणली त्या घराला तिचा फोटो पोस्टाने पाठवत राहिलात, त्यासाठी तिकिटांचा खर्च स्वतः केलात."

"पावसाळ्यात स्टोअर गळत होते तेव्हा आपण दोन रात्री तिथेच राहून टोपल्या हलवल्यात."

भेटवस्तू म्हणून अ‍ॅक्रिलिकची ट्रॉफी नको. एखाद्या कलाकाराला दोन-तीन महिने आधी काम सांगा, तो सांगेल ती किंमत द्या, घासाघीस करू नका, आणि काय काढायचं ते त्यालाच ठरवू द्या. आमच्या चित्रात मॅडम होत्या, पाठीला पिशवी, हातात वही, आणि त्यांच्या मागे पाड्यावरची सगळी पोरं.

शाल आम्ही शेवटी दिली हो, पुण्यात राहून शाल नाही म्हटलं तर घरचेच विचारतात. पण ती स्टेजवरच्या सगळ्यांना एकसारखी दिली.

कार्यक्रम झाल्यावर

इथेच बहुतेक लोक थांबतात आणि निम्मं काम राहतं. आठ दिवसांत सगळ्यांचे पैसे पोचलेत का ते फोन करून विचारा. रेकॉर्डिंग आणि उतरवलेला मजकूर दोन ठिकाणी द्या, एक संग्रहालयाला, रीतसर आवक नंबर घेऊन, कारण नुसता पेन ड्राइव्ह टेबलवर ठेवला तर तो कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये जातो. नव्याने मिळालेली माहिती मूळ रजिस्टरमध्ये कशी घालायची ते संग्रहालयाला विचारा, जुनी नोंद खोडायची नसते, पुढे तारीख आणि सहीने भर घालायची असते. आमच्या त्या मुखवट्याच्या नोंदीपुढे आता सोंगाचं नाव, घराचं नाव आणि "तोंड वर ठेवावे" असं लिहिलंय, आणि ट्रेवरही चिठ्ठी आहे.

हे लांबणीवर टाकू नका. मिथिलेच्या चित्रकार गंगादेवींनी आजारपणातही दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात भिंतींवर कोहबर घर, म्हणजे नवदांपत्याची खोली रंगवली होती, १९९१ साली त्या गेल्या, आणि २०१५ च्या सुमारास नूतनीकरणात ती चित्रंही नष्ट झाली. आज त्यांचे फोटो आहेत आणि आठवणी आहेत.

दुसरी प्रत पाड्यावर. फाइल पाठवून भागत नाही, स्वतः जा, छापील पुस्तक आणि फोटोंचे प्रिंट घेऊन. आम्ही एप्रिलमध्ये मॅडमना घेऊन दोन दिवस गेलो. एका घरी पुस्तक उघडलं तर बाईंनी टोपलीच्या पानावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही, मग मुलाला हाक मारून सांगितलं की ही तुझ्या आजीची. दुसऱ्या घरी खांबाच्या फोटोजवळ मॅडम आणि त्या घरचे बाबा बाहेर ओट्यावर जवळजवळ तासभर बोलत बसले, आम्ही तिथे गेलो नाही आणि काय बोललात ते नंतर विचारलंही नाही.

प्रिंट मोजून नेऊ नका, दुप्पट न्या. एका फोटोत चार माणसं असतात आणि चार घरं तो मागतात, आम्हाला कमी पडले आणि दोन घरांना पोस्टाने पाठवतो म्हणून सांगून यावं लागलं, ते मॅडमनी पुण्याला आल्या आल्या दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पाठवले.